युद्धात कामी आलेल्या आयरिश सैनिकाचा माग कसा काढायचा

पहिल्या महायुद्धात २ लाखांहून अधिक आयरिश माणसं ब्रिटिश सैन्यातून लढली. त्यांच्यापैकी एखाद्याचा शोध घ्यायला बसलं की पहिली अडचण येते ती ही, की त्याचे कागद एका जागी नाहीत. तो कुठल्या बटालियनमध्ये (म्हणजे रेजिमेंटच्या कुठल्या तुकडीत) होता, कुठे लढला, कधी पडला हे लंडनच्या दप्तरांत सापडतं. तो कुणाचा मुलगा, कुठल्या घरात वाढला, मागे कोण राहिलं हे डब्लिनच्या दप्तरांत. १९२२ साली दोन्ही देशांचे रस्ते वेगळे झाले आणि या दोन ढिगांची गाठ कुणी घालून दिली नाही. ती आपणच घालायची असते. जोडणारा दुवा बहुतेक वेळा एकच असतो: वारसाचं नाव आणि पत्ता. तो हाती येईपर्यंत डब्लिनच्या कागदांत शिरू नये. ‘जॉन मर्फी, कॉर्क’ एवढ्यावर जन्मनोंद शोधायला गेलात तर जॉन मर्फींची रांगच लागेल, आणि त्यातला जो आपल्या मनातल्या गोष्टीत बसतो तोच खरा वाटू लागेल. सर्वाधिक शोध वाया जातात ते इथेच.

एक वही किंवा स्प्रेडशीट घ्या आणि चार रकाने करा: माहिती, ती कुठल्या कागदात आहे, तो कागद कधी लिहिला गेला, आणि लिहिणाऱ्याला ती गोष्ट कशी माहीत होती. चौथा रकाना कंटाळवाणा वाटतो, पण पुढे दोन कागद भांडायला लागले की निवाडा तोच करतो. आईने १९२०मध्ये सांगितलेलं वय आणि रजिस्ट्रारने बाळाच्या जन्मानंतर दोन महिन्यांत लिहिलेली तारीख यांचं वजन सारखं नसतं.

आधी माणूस पक्का करा

माणूस पक्का होतो तो तीन गोष्टींनी: रेजिमेंट, सैनिक क्रमांक आणि मृत्यूची तारीख. नुसत्या क्रमांकावर विसंबू नका. १९२०पूर्वी हा क्रमांक सबंध सैन्यात एकमेव नसायचा. प्रत्येक रेजिमेंट आपापला देत असे. त्यामुळे एकाच क्रमांकाची अनेक माणसं सापडतात, आणि रेजिमेंट बदललेल्या माणसाचे दोन-तीन क्रमांकही असतात. घरात पदक असेल तर त्याची कड भिंगाखाली बघा. क्रमांक, हुद्दा, नाव आणि रेजिमेंट तिथे ठोकलेलं असतं; ताऱ्याच्या आकाराच्या पदकावर ते मागच्या बाजूला असतं. मृताच्या घरी पाठवलेली काशाची गोल तबकडी, साधारण १२ सेंटिमीटर व्यासाची, दिसायला मोठी असली तरी या कामी फारशी उपयोगी नाही. तिच्यावर फक्त नाव असतं. हुद्दा नाही, क्रमांकही नाही.

घरी काहीच नसेल तर युद्धातल्या मृतांची थडगी सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या (पुढे ‘आयोग’) नोंदणीपासून सुरुवात करा. ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ या काळातले मृत्यू तिच्यात आहेत, आणि शोध मोफत आहे. एक लक्षात ठेवा: आई-वडिलांची नावं, पत्ता आणि वय युद्धानंतर घरच्यांनी फॉर्म भरून परत पाठवला तरच तिथे आलं. आयर्लंडमध्ये त्या वर्षांत स्वातंत्र्ययुद्ध पेटलेलं होतं, माणसं घरं बदलत होती, आणि ब्रिटिश सैन्याचा फॉर्म भरून पाठवणं सगळ्यांना जमलं नाही की रुचलं नाही. म्हणून आयरिश नोंदींत हा भाग कोरा दिसला तर नवल नाही.

त्याच पानावर खाली स्कॅन केलेले मूळ कागद असतात. बहुतेक लोक ते उघडतच नाहीत. थडगं एकीकडून उचलून दुसऱ्या दफनभूमीत नेलं असेल तर त्याचा तक्ता तिथे असतो: देह कुठे सापडला आणि ओळख कशावरून पटली, म्हणजे गळ्यातली ओळख-तबकडी, बूट, बिल्ला की चमचा. शिळेचा तक्ताही बघा. घरच्यांना शिळेवर ६६ अक्षरांपर्यंतचा मजकूर कोरून घेता येत असे, आणि तो कुणी ठरवला त्या माणसाचं नाव-पत्ता या तक्त्यात असू शकतो. म्हणजे आपला दुवा कधी कधी पहिल्याच पायरीवर हाती लागतो.

पुढची नोंद १९२१मध्ये ब्रिटिश सरकारने ८० भागांत छापलेल्या मृत सैनिकांच्या यादीतली. तिच्यात जन्मठिकाण, भरतीचं ठिकाण आणि कधी कधी राहण्याचं ठिकाण मिळतं. मृत्यूचा प्रकारही असतो: लढताना पडला, जखमांनी गेला, किंवा नुसतं ‘मृत्यू’, म्हणजे आजार वा अपघात. गावांची नावं कारकुनाने कानाला ऐकू आली तशी लिहिली आहेत. शिवाय आपल्याकडे ‘वडगाव’ म्हटलं की कुठलं ते विचारावं लागतं, तसंच आयर्लंडमध्ये ‘बॅलिना’चं आहे. नावाच्या इतर रूपांसाठी आणि टाउनलँड म्हणजे वाडीपर्यंत पोचण्यासाठी लोगइन्म ही सरकारी स्थलनामकोश-साइट वापरा.

‘आयर्लंड्स मेमोरियल रेकॉर्ड्स’ हे १९२३चे आठ खंड, चित्रकार हॅरी क्लार्कच्या नक्षीदार चौकटींचे, त्यांत ४९,०००हून अधिक नावं आहेत. ते बघावेतच, पण तिथे नाव नाही म्हणजे तो आयरिश नाही असं धरू नये. आणि तिथे आहे म्हणजे आयरिश आहेच, असंही नाही. आयरिश रेजिमेंटमध्ये पडलेले इंग्लिश त्यांत आले आहेत, आणि इतर रेजिमेंटांतले पुष्कळ आयरिश सुटले आहेत. आयर्लंडमध्ये सक्तीची भरती कधीच अमलात आली नाही, पण लिव्हरपूल किंवा न्यूकॅसलला कामाला गेलेला आयरिश माणूस १९१६नंतर तिथल्या सक्तीत सापडू शकत होता. म्हणून इंग्लंड-स्कॉटलंडच्या रेजिमेंटांत शोधायला कचरू नका.

आडनावाचे सगळे पर्याय आधीच लिहून ठेवा. ‘ओ’ आणि ‘मॅक’ कागदागणिक येतात-जातात: ओसुलिव्हन आणि सुलिव्हन, ओबर्न आणि बर्न. कीओ हे नाव तर दोन-तीन प्रकारे लिहिलं जातं. काही जण टोपणनावाने भरती झाले. तसं कळलं असेल तर आयोगाच्या नोंदीत ‘अमुक नावाने सेवा’ असा शेरा असतो.

ओळख चुकली तर काय होतं याचं ठळक उदाहरण जॉन कॉन्डनचं. वॉटरफर्डचा हा मुलगा रॉयल आयरिश रेजिमेंटमध्ये होता आणि २४ मे १९१५ रोजी ईपरजवळ पडला. बेल्जियममधल्या पोलकापेल दफनभूमीत त्याच्या नावाच्या शिळेवर वय १४ कोरलं आहे, आणि युद्धातला सर्वांत लहान मृत म्हणून हजारो लोक तिथे जातात. पण त्याची जन्मनोंद १८९६ची निघते, म्हणजे मृत्यूसमयी तो १८ वर्षांचा होता. शिवाय त्या देहाची ओळख पटली ती बुटाच्या एका तुकड्यावरून. त्यावर ‘६३२२’ आणि ‘४/आर.आय.आर.’ अशी खूण होती. आर.आय.आर. म्हणजे रॉयल आयरिश रेजिमेंट, तसंच रॉयल आयरिश रायफल्स. ६३२२ हा क्रमांक रायफल्समध्येही एकाला होता, आणि तोही त्याच भागात १९१५च्या जूनमध्ये पडला होता. संशोधकांचा आक्षेप असा, की त्या थडग्यात कॉन्डन नसावाच. आयोगाने शिळा बदललेली नाही. एका जन्मदाखल्याचं आणि तीन अक्षरांचं वजन किती असतं ते यावरून कळतं. म्हणून कागदावर आर.आय.आर. दिसलं की थांबा, आणि दुसऱ्या कागदात पूर्ण नाव बघा.

जळालेलं दप्तर, आणि त्याऐवजी काय

साध्या शिपायांच्या सेवापत्रिका लंडनच्या अर्नसाइड स्ट्रीटवरच्या गोदामात होत्या. सप्टेंबर १९४०च्या बॉम्बफेकीत गोदाम पेटलं आणि निम्म्याहून अधिक पत्रिका गेल्या. उरलेल्या लंडनजवळ क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये डब्ल्यू.ओ. (वॉर ऑफिस, म्हणजे युद्धखातं) ३६३ या मालिकेत आहेत, कडा करपलेल्या, पाण्याने भिजलेल्या. जखमी होऊन निवृत्तिवेतनावर गेलेल्यांच्या पत्रिका डब्ल्यू.ओ. ३६४मध्ये. दोन्ही मालिका पैसे भरून वापरायच्या वंशावळ-साइट्सवर आहेत. आयर्लंड-इंग्लंडमधल्या बऱ्याच सार्वजनिक वाचनालयांत त्या फुकट बघता येतात. अधिकाऱ्यांच्या उरलेल्या फायली वेगळ्या, डब्ल्यू.ओ. ३३९ आणि ३७४मध्ये. आयरिश गार्ड्सचे कागदही वेगळे ठेवलेले होते म्हणून वाचले.

माणूस ऑस्ट्रेलियन किंवा कॅनेडियन सैन्यात पडला असेल तर तुमचं नशीब जोरावर आहे. त्या देशांनी सगळ्या फायली जपल्या आणि मोफत ऑनलाइन ठेवल्या. भरतीचा अर्ज, उंची, छाती, अंगावरचे व्रण, आईशी झालेला पत्रव्यवहार, सगळं एकत्र मिळतं. स्थलांतरित आयरिश माणसाबाबत ही शक्यता नेहमी आधी तपासा.

सेवापत्रिका जळाली असेल तर तीन कागदांवरून ती बऱ्यापैकी पुन्हा उभी करता येते.

पहिला पदकाचा. पदक-कार्डावर क्रमांक, हुद्दा आणि १९१५ संपण्याआधी परदेशी गेला असेल तर कुठल्या रणक्षेत्रात कुठल्या तारखेला उतरला ते असतं: १ म्हणजे फ्रान्स, २बी म्हणजे तुर्कस्तानातली गॅलिपोली. कार्डावर बहुधा रेजिमेंटच असते, बटालियन नसते. कार्डावरचा संदर्भ धरून पदकांच्या मूळ यादीपर्यंत, म्हणजे डब्ल्यू.ओ. ३२९पर्यंत जा. तिथे बटालियन मिळते, आणि नशिबाने कुठून कुठे बदली झाली तेही. लोक कार्डावर थांबतात आणि मग चुकीच्या बटालियनची रोजनिशी वाचत बसतात.

दुसरा मृत सैनिकांच्या थकबाकीच्या नोंदवहीचा. ही नोंदवही नॅशनल आर्मी म्युझियमकडची. खात्यावर उरलेला पगार कुणाला, कधी, किती दिला याची ओळ तिच्यात आहे, आणि पुढे युद्ध-बक्षिसाची रक्कम. बक्षीस सेवेच्या महिन्यांवर ठरत असे, त्यामुळे रकमेवरून मागे मोजत भरतीचा महिना अंदाजाने काढता येतो. पण खरं मोल त्या ‘कुणाला’ रकान्याचं. ‘आई आणि एकमेव वारस’, ‘विधवा’, ‘भाऊ’, आणि पुढे नावं. मोठ्या भावंडांना सारखे वाटे गेलेले दिसले की आई-वडील आधीच गेले असावेत असं समजायचं आणि डब्लिनच्या नोंदींत त्यांचे मृत्यू शोधायचे.

तिसरा निवृत्तिवेतनाच्या कार्डांचा. हा साठा रद्दीत जायचा होता. वेस्टर्न फ्रंट असोसिएशनने तो वाचवला. विधवेचं नाव, मुलांच्या जन्मतारखा, राहण्याचा पत्ता एका कार्डावर. आई-वडील कमावत्या मुलावर अवलंबून होते असं दाखवून दावा केला असेल तर त्यांचंही कार्ड असतं.

तो दिवस

बटालियनची रोजनिशी डब्ल्यू.ओ. ९५मध्ये आहे. तिच्यात साध्या शिपायाचं नाव मिळेल ही आशा धरू नका. नावं अधिकाऱ्यांची, बाकीच्यांचे आकडे. ज्या दिवशी सगळ्यांत जास्त माणसं पडली त्या दिवसाची नोंद अनेकदा सगळ्यांत तोकडी असते, कारण लिहिणाराच पडलेला किंवा जखमी असतो. अशा वेळी एक पायरी वर जा: ब्रिगेडची आणि डिव्हिजनची रोजनिशी. ९ सप्टेंबर १९१६ला फ्रान्समधल्या गिंचीला पडलेल्या ९व्या रॉयल डब्लिन फ्युझिलियर्सच्या माणसासाठी ४८व्या ब्रिगेडचे आणि १६व्या डिव्हिजनचे कागद काढावे लागतात. माजी खासदार टॉम केटल त्याच दिवशी त्याच बटालियनमधून पडला. त्याचं थडगं सापडलं नाही. नाव तिएपव्हालच्या स्मारकावर आहे. स्मारकावर नाव म्हणजे देह मिळाला नाही किंवा ओळखू आला नाही, एवढाच अर्थ घ्यायचा.

मृत्यूची तारीखही तपासून घ्या. मोठ्या चढाईनंतर हजेरी दोन-तीन दिवसांनी व्हायची, आणि जो हजर नाही त्याच्यापुढे हजेरीची किंवा चढाईची तारीख पडायची. गॅलिपोलीत २५ एप्रिल १९१५ला उतरलेल्या १ल्या डब्लिन आणि १ल्या मन्स्टर फ्युझिलियर्सची इतकी हानी झाली, की उरलेल्यांची काही आठवडे एकच बटालियन करावी लागली. त्या दिवसांतल्या तारखा लिहिताना वहीत ‘सुमारे’ हा शब्द ठेवा.

देह सापडल्याच्या तक्त्यात ‘२८.सी.१३.ए.४.५’ असं काही दिसलं तर ते खंदक-नकाशावरचं ठिकाण आहे. २८ हे नकाशाचं पान. सी हा त्यावरचा मोठा चौकोन. १३ हा त्यातला १००० यार्डांचा चौकोन. त्याचे ५०० यार्डांचे चार तुकडे: ए वायव्येला, बी ईशान्येला, सी नैर्ऋत्येला, डी आग्नेयेला. शेवटचे दोन आकडे त्या तुकड्याचे दशांश. पहिला पूर्वेकडे, दुसरा उत्तरेकडे, सुरुवात नैर्ऋत्य कोपऱ्यापासून. म्हणजे ५० यार्डांच्या आत जागा सापडते. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या साइटवर हे नकाशे आजच्या नकाशावर चढवून मोफत बघता येतात. आकड्यांचा क्रम उलटा धरला तर माणूस शत्रूच्या बाजूला जाऊन पडतो. रोजनिशीतलं ठिकाण आणि हे ठिकाण फार लांब आलं तर आधी क्रम तपासा.

बटालियन बदलल्याचं लक्षात न घेणं ही सगळ्यांत महाग पडणारी चूक. मीथ परगण्यातल्या स्लेनचा कवी फ्रान्सिस लेडविज ३१ जुलै १९१७ला बेल्जियममध्ये बोझिंगेजवळ पडला. आर्टिलरी वुड दफनभूमीतल्या नोंदीत तो १ल्या रॉयल इनिस्किलिंग फ्युझिलियर्सचा. एवढ्यावर १ल्या बटालियनची रोजनिशी मागे वाचत गेलं तर तो २५ एप्रिल १९१५ला गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरला असं लिहून बसाल. प्रत्यक्षात तो ऑक्टोबर १९१४मध्ये ५व्या बटालियनमध्ये भरती झाला, त्या बटालियनसोबत ऑगस्ट १९१५मध्ये गॅलिपोलीतल्याच सुव्हलाला गेला, नंतर सर्बियाच्या आघाडीवर, आणि १ल्या बटालियनमध्ये आला तो त्यानंतर, फ्रान्सला जाताना. मृत्यूच्या वेळची बटालियन फक्त मृत्यूच्या दिवसापुरती खरी धरायची. त्याआधीचा प्रत्येक टप्पा वेगळ्या कागदाने सिद्ध करायचा.

डब्लिनकडे वळताना

वारसाचं नाव-पत्ता मिळाला की आधी नॅशनल आर्काइव्हज ऑफ आयर्लंडकडची सैनिकांची मृत्युपत्रं बघा. सुमारे ९,००० आहेत, मोफत ऑनलाइन. पुष्कळ मृत्युपत्रं पगारपुस्तकातल्या एका पानाची: ‘माझी सर्व मालमत्ता आईला’, सही, तारीख. कधी कधी घरी लिहिलेलं पत्रच मृत्युपत्र म्हणून मान्य झालेलं असतं, आणि मग त्याच्या हस्ताक्षरातला अख्खा मजकूर समोर येतो.

मग १९०१ आणि १९११ची जनगणना. आयर्लंडच्या आधीच्या जनगणना जवळजवळ गेल्याच: काही जून १९२२मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालय-संकुलातलं दप्तर जळालं त्यात, काही सरकारनेच आधी नष्ट केल्या. म्हणून या दोन जनगणनांवर सगळा भार आहे. सुदैवाने कुटुंबाने स्वतः भरलेले फॉर्म उपलब्ध आहेत, खाली कुटुंबप्रमुखाच्या सहीसकट किंवा फुलीसकट. १९११च्या फॉर्मवर विवाहितेपुढे लग्नाला किती वर्षं झाली, किती मुलं जिवंत जन्मली आणि किती हयात आहेत हे तीन आकडे असतात. घरात पाच मुलं दिसतात आणि हयात आठ लिहिलीत, तर तीन बाहेर आहेत: नोकरीला, शेतमजुरीला, अमेरिकेला, किंवा सैन्यात.

नावांच्या फॉर्मवर थांबू नका, त्याच वाडीचा घरांचा तक्ता उघडा. भिंत दगड, वीट किंवा काँक्रीटची असेल तर १, मातीची असेल तर ०. छप्पर स्लेट, लोखंड किंवा कौलांचं असेल तर १, गवताचं असेल तर ०. मग खोल्या आणि समोरच्या खिडक्या. या आकड्यांच्या बेरजेवरून घराचा वर्ग ठरायचा. मातीची भिंत, गवताचं छप्पर, दोन खोल्या आणि सात माणसं, असा तक्ता समोर आला की तो मुलगा सैन्याच्या पगाराकडे का वळला असेल याचा अंदाज बांधायला ठोस आधार मिळतो.

दोन सापळे. १९११ला तो आधीपासूनच सैन्यात आणि आयर्लंडमधल्या बराकीत असेल तर तिथल्या तक्त्यात फक्त आद्याक्षरं आहेत. वय, धर्म आणि जन्माचा परगणा यांवरून ताडावं लागतं. आणि तो परदेशी असेल तर आयरिश जनगणनेत नसेलच: इंग्लंड-वेल्सच्या १९११च्या जनगणनेत परदेशातल्या पलटणींचे वेगळे तक्ते आहेत, नावानिशी, तिथे शोधा.

जन्म, विवाह, मृत्यूच्या नोंदी आयरिश जीनिऑलॉजी या सरकारी साइटवर मूळ पानासकट मोफत मिळतात. सर्वांची नोंदणी १८६४पासून. शोधाची चौकट परगण्याची नसून नोंदणी-जिल्ह्याची असते, आणि हे जिल्हे परगण्यांच्या सीमा ओलांडतात. वॉटरफर्ड जिल्ह्यात किल्केनीचा भाग येतो. नोंदणीला उशीर झाला की भुर्दंड बसत असे, म्हणून बाप जन्मतारीख सरळ पुढे ढकलायचा. जन्माआधीच बाप्तिस्मा झालेला दिसला तर गोंधळू नका. चर्चची तारीख खरी धरा. कॅथलिक पॅरिशच्या (स्थानिक चर्चच्या) वह्या साधारण १८८०पर्यंत नॅशनल लायब्ररी ऑफ आयर्लंडच्या साइटवर आहेत. त्यानंतर जन्मलेल्यासाठी पॅरिशला पत्र लिहावं लागतं. आई-वडिलांची वयं १९०१ ते १९११मध्ये दहाऐवजी पंधरा वर्षांनी वाढलेली दिसली तर त्यामागे १९०९पासून सत्तरीला मिळू लागलेलं वृद्धांचं निवृत्तिवेतन असतं. मागे राहिलेल्यांचं पुढे काय झालं यासाठी १८ एप्रिल १९२६ची जनगणना महत्त्वाची. तिचे कागद खुले होण्याची ठरलेली वेळ शंभर वर्षांनंतरची, म्हणजे एप्रिल २०२६ची.

स्थानिक वर्तमानपत्रं मृत्यूच्या तारखेपासून निदान वर्षभर चाळा. ‘बेपत्ता’ म्हणून कळवलेला माणूस मृत धरला जायला अनेक महिने जात. वार्षिक स्मरणाच्या जाहिरातींत भावंडांची नावं आणि नवे पत्ते येतात. एकाच गावात राष्ट्रवादी आणि युनियनवादी (ब्रिटनशी जोडून राहू पाहणाऱ्यांचं) अशी दोन पत्रं असतील तर दोन्ही बघा, कारण एकाने वगळलेला माणूस दुसऱ्यात मिळतो.

मुंबई-पुण्याकडचा धागा

काही आयरिश बटालियनांचं मूळच इकडचं. २री रॉयल डब्लिन फ्युझिलियर्स ही पूर्वीची बॉम्बे फ्युझिलियर्स, कंपनीच्या बॉम्बे युरोपियन रेजिमेंटची वारस. १८१७ची खडकीची लढाई तिच्या सन्मानांत आहे. लेन्स्टर रेजिमेंटची २री बटालियन म्हणजे १८५३मध्ये पुण्यात उभी राहिलेली ३री बॉम्बे युरोपियन, जी १८५८मध्ये झाशीच्या वेढ्यात होती. त्यामुळे युद्धाआधी नोकरीत असलेल्या शिपायाचं लग्न किंवा मुलाचा बाप्तिस्मा भारतात झालेला असू शकतो. मुंबई इलाख्यातल्या अशा चर्चनोंदी ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या एन/३ मालिकेत आहेत, आणि ब्रिटिश भारतातल्या कुटुंबांवर काम करणाऱ्या फिबिस या संस्थेची मोफत सूची त्यासाठी आधी चाळावी.

आयोगाच्या नोंदीत ‘किर्की १९१४–१९१८ मेमोरियल’ असं दिसलं तर हार घेऊन थडगं शोधायला खडकीला जाऊ नका. तिथे नाव आहे, देह नाही. भारत-पाकिस्तानातल्या ज्या छावण्यांच्या आणि नागरी दफनभूमींतली थडगी जपता येण्यासारखी राहिली नाहीत, तिथल्या सैनिकांची नावं त्या स्मारकावर आहेत. देह कुठे आहे ते मूळ कागदांत आणि चर्चच्या दफननोंदीत बघायचं.

चूक सापडली तर

शोधात आयोगाच्या नोंदीतली चूक सापडली, किंवा नावच नाही असं दिसलं, तर अर्ज करता येतो. आयोग त्या काळातले कागद मागतो. घरातली आठवण आणि आजच्या वंशावळ-साइटवरचं झाड चालत नाही. आयरिश बाबतीत सर्वाधिक सुटले आहेत ते घरी परत येऊन मेलेले: वायूने फुप्फुसं गेली किंवा खंदकात क्षय जडला म्हणून सैन्याने सोडलं, आणि १९१८-१९ला गावात मरण आलं. अशा माणसासाठी तीन गोष्टी जुळवाव्या लागतात. सैन्यातून सोडल्याचं कारण, जे जखमींच्या रुपेरी बिल्ल्याच्या यादीत किंवा डब्ल्यू.ओ. ३६४मध्ये मिळतं, आयरिश मृत्युनोंद, ज्यात तेच कारण किंवा त्यातून उद्भवलेला आजार लिहिलेला हवा, आणि मृत्यू ३१ ऑगस्ट १९२१च्या आतला. मृत्युनोंदीत धंद्याच्या रकान्यात बहुधा ‘सैन्याचा पेन्शनर’ किंवा नुसतं ‘मजूर’ असतं. ‘मजूर’ असेल तर तोच माणूस आहे हे पेन्शन-कार्डावरचा पत्ता आणि मृत्युनोंदीतला पत्ता, किंवा खबर देणाऱ्या नातेवाइकाचं नाव, यांनी सिद्ध करा आणि दोन्ही कागदांच्या प्रती अर्जाला जोडा.